बिगरीचं विमान

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात दोन उद्घाटनं झाली. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आले होते. तेजस या लढाऊ विमानाची तिसरी असेंब्ली लाइन सुरू झाली, आणि ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए त्याच दिवशी आकाशात झेपावलं. साहजिकच सगळ्यांचे डोळे तिकडे. दुसरी लाइन होती एचटीटी-४० नावाच्या प्रशिक्षण विमानाची. बातमीत तिच्या वाट्याला एखादं वाक्य आलं असेल-नसेल.

मला त्यात नवल वाटलं नाही. जन्मभर शाळेत काढल्यावर एवढं कळतंच. दहावीच्या वर्गाला शिकवणाऱ्याचा सत्कार होतो, निकाल लागला की पेढे त्याला मिळतात. पहिलीच्या मुलाच्या हातात पेन्सिल धरायला शिकवणारी बाई मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. तिच्याकडून काही राहून गेलं, तर ते दहावीपर्यंत पुरतं. आमच्या लहानपणी पहिलीच्याही आधी बिगरी असायची. तर मंडळी, हा लेख तेजसवर नाही. बिगरीच्या विमानावर आहे.

लढाऊ वैमानिक एकदम लढाऊ विमानात बसत नाही. खडकवासल्याच्या एनडीएतून बाहेर पडलेला एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा थेट भरती झालेली मुलगी हैदराबादजवळ दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत जाते. तिथे पहिल्यांदा जे विमान हाती येतं ते बेसिक ट्रेनर, प्राथमिक प्रशिक्षण विमान. पुढचा दांडा विद्यार्थ्याकडे, मागचा गुरुजींकडे, आणि दोन्ही दांडे एकमेकांना जोडलेले. विद्यार्थ्याने चुकीचं ओढलं की गुरुजींच्या हाताला ते लगेच कळतं. शिकवण्याची इतकी चांगली सोय माझ्या वर्गात कधीच नव्हती!

अशा विमानाकडून अपेक्षा तरी काय असते? ते चुका पोटात घालणारं हवं. विद्यार्थी धावपट्टीवर आपटत उतरणार, म्हणून चाकांचे पाय दणकट हवेत. इंजिनाची नाडी हळुवार धरायची हे त्याला ठाऊक नसणार, म्हणून इंजिन सोशिक हवं. पण फार लाडावणारंही चालत नाही. चूक केली तरी काहीच घडलं नाही, तर विद्यार्थी शिकणार काय? चूक झाली की तिचा परिणाम दिसला पाहिजे, पण परिणामातून परत यायची वाट नेहमी उघडी असली पाहिजे. चांगल्या मास्तरची व्याख्या यापेक्षा वेगळी काय करणार?

आपल्याकडची ही गोष्ट सुरू होते एका सोलापूरकरापासून. शेठ वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या सहकार्याने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. १९४१ मध्ये तिथे जोडून उडवलेलं पहिलं विमान होतं हार्लो जातीचं. सुटे भाग अमेरिकेतून आलेले, पण गंमत बघा, विमान होतं प्रशिक्षणाचं. म्हणजे या कारखान्याचा श्रीगणेशाही बिगरीच्याच विमानाने झाला.

त्याच सुमारास तिथे डॉ. विष्णू माधव घाटगे रुजू झाले. जन्म १९०८, कोल्हापूर जिल्ह्यातला. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रांड्टल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे आद्य गुरू. पंखाला अगदी चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर कसा वागतो, हे जगाला त्यांनी समजावून सांगितलं. त्यांचा हा मराठी शिष्य परत आला आणि त्याने आधी एक सैनिकवाहू ग्लायडर केला. स्वातंत्र्यानंतर केलं ते एचटी-२, भारतात आरेखन होऊन मोठ्या संख्येने तयार झालेलं पहिलं विमान. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा उडवलं. एकामागे एक दोन आसनं, दीडशेच्या आसपास अश्वशक्तीचं पिस्टन इंजिन, साधं धातूचं विमान. अशी दीडशेहून अधिक विमानं बनली, काही घाना देशालाही दिली गेली. आपल्या वैमानिकांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर धुळाक्षरं गिरवून गेल्या. पुढे 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमानही घाटगे यांच्याच नेतृत्वाखाली सुरू झालं आणि सप्टेंबर १९६४ मध्ये उडालं. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा धडा का नसावा, हा प्रश्न मी आजही विचारतो.

आता जरा इंजिनाकडे वळू. पुढची सगळी गोष्ट त्याभोवतीच फिरते. धीर धरून वाचा, अवघड नाही!

पिस्टन इंजिन म्हणजे आपल्या मोटारीच्या इंजिनाचं भावंड. सिलिंडरमध्ये पेट्रोलचे छोटे छोटे स्फोट, त्यांनी दट्ट्या वरखाली, त्याने पंखा फिरतो. स्वस्त आणि साधं, पण ताकद बेताची. हलणारे भाग बरेच, आणि त्याला लागतं खास विमानाचं पेट्रोल. जेट इंजिनात हवा आत ओढून दाबायची, तिच्यात रॉकेलच्या जातीचं इंधन जाळायचं, आणि तापलेला झोत मागे सोडायचा. ताकद भरपूर, पण पिणंही भरपूर. टर्बोप्रॉप हा या दोघांतला मेळ. आत सगळं जेटसारखंच, फक्त त्या तापलेल्या झोताने टर्बाइन फिरवायचं आणि गिअरच्या मार्फत ती ताकद पुढच्या पंख्याला द्यायची. कमी वेगात, कमी उंचीवर हा मेळ जेटपेक्षा पुष्कळ काटकसरी ठरतो.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि जगभरच्या हवाई दलांना हा हिशेब कळू लागला. विद्यार्थ्याला सुरुवातीपासून जेटवर बसवणं म्हणजे पहिलीच्या मुलाला सोन्याच्या निबाचं पेन देणं. स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीचं पीसी-७ पुढे आलं. ब्राझीलच्या एम्ब्राएरने तर कोरी पाटी घेऊन सुरुवात केली. त्यांचं टुकानो ऑगस्ट १९८० मध्ये उडालं. हंगेरीहून ब्राझीलमध्ये स्थायिक झालेले योझेफ कोवाच हे त्याचे आरेखनकार. त्यांनी काय केलं? पंख्याचं विमान असूनही आतून ते जेटसारखं बांधलं. एकामागे एक आसनं, मागच्या गुरुजींना पुढचं दिसावं म्हणून त्यांचं आसन उंच, जेटसारखी ताकदीची एकच नाडी, आणि मुख्य म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीट. विद्यार्थ्याचं शरीर पहिल्या दिवसापासून जेटच्या सवयी शिकतं आणि इंधनाचं बिल येतं पंख्याचं. त्या काळापासून टर्बोप्रॉप प्रशिक्षण विमानांचा साचा साधारण हाच राहिला. ब्रिटिश हवाई दलानेही १९८५ मध्ये हेच विमान निवडलं, ते बेलफास्टच्या शॉर्ट्स कंपनीत अधिक ताकदीचं गॅरेट इंजिन घालून बनलं, आणि २०१९ पर्यंत तिथे विद्यार्थी घडवत राहिलं. या गॅरेट इंजिनाचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आपण त्या वेळी कुठे होतो? एचटी-२ म्हातारं झालं होतं. त्याच्या जागी एचएएलने एचपीटी-३२ 'दीपक' केलं. जानेवारी १९७७ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर अकादमीत आलं. शेजारी-शेजारी आसनं, २६० अश्वशक्तीचं पिस्टन इंजिन, इजेक्शन सीट नाही. जग टर्बोप्रॉपकडे वळत असताना आपण पिस्टनवरच राहिलो होतो.

आता सगळ्यात चुटपूट लावणारी गोष्ट. एचएएलच्या लोकांना हे दिसत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांनी याच दीपकच्या एका नमुन्यात ४२० अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप इंजिन बसवलं आणि १९८४ मध्ये उडवून दाखवलं. नाव एचटीटी-३४. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या प्रदर्शनात ते जगाला दाखवलंही. पण ऑर्डर कुणीच दिली नाही. आपल्या हवाई दलानेही नाही. विमान प्रदर्शनापुरतं राहिलं.

आणि दीपकची इंजिनं हवेत बंद पडत राहिली. इंजिनापर्यंत इंधन नीट पोचत नाही, अशी शंका वारंवार घेतली गेली, उपायही केले गेले, पण रोग पुरता गेला नाही. कमी उंचीवर एकुलतं एक इंजिन थांबलं, खाली सपाट जागा नाही आणि खुर्ची बाहेर फेकणारी नाही, तर आतल्या दोघांनी करायचं काय? ३१ जुलै २००९ रोजी अकादमीचं असंच एक विमान कोसळलं, दोघेही गेले, आणि सगळी दीपक विमानं जमिनीवर बसवली गेली ती कायमची. त्या विमानाच्या सेवेत एकूण १७ अपघात झाले आणि त्यांत १९ जण दगावले, असे आकडे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. हे युद्धात गेलेले नव्हते. वर्गात गेलेले होते. काही शिकणारे, काही शिकवणारे.

१९८४ चं ते टर्बोप्रॉप स्वीकारलं असतं तर हे टळलं असतं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्यातही इजेक्शन सीट नव्हत्या, आणि नव्या इंजिनाच्या नव्या तक्रारी निघाल्या असत्या. पण तो रस्ता तेव्हाच धरला असता तर पंचवीस वर्षांचा अनुभव गाठीशी आला असता. चुका झाल्या असत्या, सुधारल्या असत्या, पुढची आवृत्ती निघाली असती. २००९ मध्ये आपल्या हाती ना विमान होतं ना तो अनुभव. नवशिक्या मुलांना थेट किरण जेटवर बसवण्याची वेळ आली, शिकण्याच्या तासांना कात्री लागली. बिगरी बंद, थेट चौथीत प्रवेश!

मग धावपळ झाली. कोरियन आणि अमेरिकन विमानांना मागे सारून पिलाटसचं पीसी-७ मार्क-२ निवडलं गेलं. मे २०१२ मध्ये ७५ विमानांचा करार झाला आणि २०१३ मध्ये ती दुंडीगलला दाखलही झाली. विमान उत्तम, वेळेवर आलं, मुलं पुन्हा नीट शिकू लागली. पण गरज होती १८१ विमानांची. उरलेली १०६ एचएएलने बनवायची असं ठरलेलं होतं, आणि वादाला तोंड फुटलं ते इथेच.

हवाई दलाचं म्हणणं होतं, चांगलं विमान हाताशी आहे, तेच आणखी घ्या. कागदावरच्या विमानाची वाट किती वर्षं बघायची? एकाच कामाला दोन जातींची विमानं म्हणजे सुटे भाग, कारागीर, प्रशिक्षण सगळंच दुप्पट. शिवाय एचएएलचं विमान महाग पडेल. एचएएलचं म्हणणं होतं, पहिलीचं विमानही आपण विकत आणणार असू तर पुढची करणार कशी? दोन्ही बाजूंना तथ्य होतं. ज्याच्या वर्गात आज मुलं बसली आहेत, त्याला "पाच वर्षांनी चांगला शिक्षक देतो" म्हणून भागत नाही. आणि ज्या शाळेने शिक्षक घडवायचंच सोडलं, तिला कायम बाहेरून उसने आणावे लागतात. सरकारी पाठिंबा डळमळत असताना एचएएलने स्वतःचे पैसे घालून काम चालू ठेवलं. ही हिंमत मला मोठी वाटते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये एचटीटी-४० कारखान्याबाहेर आलं. ३१ मे २०१६ रोजी ग्रुप कॅप्टन (निवृत्त) सी. सुब्रमण्यम आणि ग्रुप कॅप्टन (निवृत्त) वेणुगोपाल यांनी ते अर्धा तास उडवलं. जूनमधल्या औपचारिक उड्डाणाला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर हजर होते.

विमानाचं वजन जास्तीत जास्त २८०० किलो, वेग ताशी ४५० किलोमीटरपर्यंत. एकामागे एक आसनं, मागचं उंच. कमी उंचीवर आणि शून्य वेगातही, म्हणजे धावपट्टीवर उभं असतानाही चालणाऱ्या इजेक्शन सीट. दीपकच्या विद्यार्थ्यांना जे मिळालं नाही ते हे. आणि इंजिन? तेच गॅरेट, आता हनीवेल कंपनीचं, ११०० अश्वशक्तीच्या वर्गातलं. याच घराण्यातली इंजिनं कानपूरला बनणाऱ्या डॉर्नियर विमानांत आहेत, त्यामुळे एचएएलच्या कारागिरांना त्यांचा स्वभाव ठाऊक. स्वभावाचा एक विशेष सांगतो. पिलाटसच्या इंजिनात पंखा फिरवणारं टर्बाइन वेगळं असतं, नाडी पुढे केली की आतलं चक्र आधी वेग घेतं आणि मग ताकद येते. गॅरेटमध्ये सगळं एकाच दांड्यावर, फेरे आधीपासूनच पूर्ण चालू. नाडी पुढे करताच पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतो आणि ओढ जवळजवळ लगेच मिळते. उतरताना गडबडलेल्या विद्यार्थ्याला "परत वर जा" म्हटल्यावर ते एक-दोन सेकंद मोलाचे असतात.

पण अशा विमानाची खरी परीक्षा वेगळीच. तिचं नाव स्पिन, आपण गिरकी म्हणू.

विमानाचं नाक फार वर उचललं आणि वेग पडला की पंखावरून वाहणारी हवा पंखाला सोडते. प्रांड्टलसाहेबांचा तो पातळ थर सुटतो. पंखाचा आधार जातो. एका बाजूचा आधार दुसरीच्या आधी गेला, की ती बाजू खाली पडते आणि विमान भोवऱ्यासारखं गरगरत जमिनीकडे निघतं. घाबरलेल्या माणसाचा हात आपोआप दांडा मागे ओढतो, नाक वर करायला. तेच चूक. इंजिन मंद करायचं, फिरण्याच्या उलट बाजूचं पायडल पूर्ण दाबून सुकाणू वळवायचं, दांडा पुढे ढकलायचा, म्हणजे जमिनीकडे तोंड करायचं, आणि मग वाट पाहायची. गिरकी थांबली की हळूच बाहेर यायचं. ही वाट पाहणं शिकवण्यासाठीच ते विमान असतं. म्हणून त्याने गिरकीत जायलाही हवं आणि योग्य हालचाल केली की दर वेळी बाहेर यायलाही हवं.

हे जमवणं किती कठीण, ते एचएएलच्याच दुसऱ्या विमानाने दाखवलं होतं. एचजेटी-३६ हे मधल्या टप्प्याचं जेट मार्च २००३ मध्ये उडालं आणि गिरकीच्या प्रश्नावर येऊन अडकलं. गिरकीत आडव्या शेपटीमागची गढूळ हवा उभ्या शेपटीवर पसरली, तर सुकाणूला पकडायला स्वच्छ हवाच मिळत नाही. पायडल दाबा, काही होत नाही. शेवटी उभी शेपटी मागे सरकवली, सुकाणू वाढवलं, आणि एप्रिल २०१९ मध्ये ते विमान पुन्हा उडालं. एका शेपटीपायी एवढी वर्षं!

एचटीटी-४० च्या गिरकीच्या चाचण्या नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाल्या. शेपटीत एक खास छत्री बसवलेली, विमान ऐकेनासं झालं तर ती उघडून गिरकी मोडायची. आधी एक फेरा, बाहेर. मग दोन, बाहेर. डावीकडे, उजवीकडे. असं वाढवत वाढवत दोन्ही बाजूंना सहा-सहा फेऱ्यांपर्यंत. पायरी न गाळता. पाढे असेच पाठ होतात.

पुढचं थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२० मध्ये १०६ विमानांना तत्त्वतः मंजुरी मिळाली, जुलै २०२२ मध्ये इंजिनांचा करार झाला, मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा सुमारे ६८०० कोटी रुपयांचा. त्यातला देशी वाटा तेव्हा ५६ टक्के सांगितला गेला, तो पुढे ६० च्या वर न्यायचा. इंजिनं यायला उशीर झाला, वेळापत्रक घसरलं. उत्पादनातलं पहिलं विमान बंगळुरूला उडालं ते २४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरच्या त्या उद्घाटनानंतर आठवड्याने. म्हणजे दीपक जमिनीवर बसल्यानंतर सोळा वर्षांनी, आणि फार्नबरोला एचटीटी-३४ दाखवल्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी. शिवाय इंजिन अजून परदेशीच आहे, ते विसरून ढोल वाजवण्यात अर्थ नाही.

ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी निघाला, तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि नाशिकचेच खासदार. तिथल्या माणसांनी साठ वर्षं दुसऱ्यांच्या आराखड्यांवरून लढाऊ विमानं बांधली. आता त्यांच्याकडे आपल्याच लोकांनी आखलेलं बिगरीचं विमान आलं आहे. माझ्या लेखी हे पाऊल तेजसइतकंच मोठं आहे.

नाशिककर वाचकांना एक विनंती. आकाशात पंख्याचं एखादं छोटं विमान गिरक्या घेताना दिसलं तर मुलांना मुद्दाम दाखवा, आणि ते पडत नाहीये, पडून सावरायचं कसं ते शिकवण्यासाठी तयार होतंय, हे सांगा. घाटगे यांचं नावही सांगा. आणि वर्गात गेलेल्या त्या एकोणीस जणांचंही.